असार बत्तीसची काकी

नेपाळातल्या आमच्या आळीत, सौगल टोलात, तीर्थमान जोशीला घरी बोलवायचं म्हणजे आधी भिंतीवरचं पात्रो, आमचं कॅलेंडर, उतरवून ठेवायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कारण हा माणूस चहाला हात लावण्याआधी पात्रो बघणार, खिशातून लाल पेन काढणार, छापलेली तिथी खोडणार आणि शेजारी बरोबर तिथी लिहिणार. पात्रो दुसऱ्याचं आहे, आपण पाहुणे आहोत, असल्या गोष्टी त्याच्या गावीही नसतात. माझ्या लग्नाची पत्रिका त्याने परत पाठवली होती. निरोप असा: "तिथी चुकलीय. दुरुस्त करून आणा, मग येतो." बाबांनी मुकाट्याने दुरुस्त करून नेली. मग तो आला, पोटभर जेवला आणि जाताना म्हणाला, छ्वेलाच्या मांसावरच्या फोडणीतली मेथी करपली होती.

मी त्याला तीर्थदाजू, म्हणजे तीर्थदादा, म्हणते. समोरच्या घरात राहतो, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचे वडील हर्षमानबा म्हणजे टोलाचे ज्योतिषी. धूळपाटीवर बोट फिरवायचे आणि तुमच्या जन्माची घटका सांगायचे. तीर्थदाजू मात्र शाळेत गणितात दोनदा नापास. ज्योतिष्याच्या पोटी हे रत्न निघालं म्हणून हर्षमानबा कपाळ बडवून घ्यायचे. आम्ही ताम्रकार. आमच्यात भांडं बिघडलं तर वितळवून पुन्हा करता येतं, पोराचं तसं करता येत नाही, असं आमचे बाबा त्यांचं सांत्वन करायचे.

मग आमच्या विक्रम संवताच्या दोन हजार त्रेपन्न सालात, म्हणजे इंग्रजी शहाण्णवला, त्यांच्या माडीवर हेन्रिक नावाचा डेन्मार्कचा भाडेकरू आला. आमच्या देवळांतले शिलालेख वाचायचा आणि त्यातल्या तारखा आपल्या कॉम्प्युटरवर मोजायचा. तीर्थदाजूने ते बघितलं आणि त्याचा जन्मच बदलला. बेरीज आपण करायची नाही, यंत्राला करायला लावायची, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. वर्षभरात त्याने पर्ल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकून घेतली. इंग्रजी येत नव्हतं, नेवारी सोडून कुठलीच भाषा धड येत नव्हती, पण ही आली. हेन्रिक गेला, यंत्र मागे ठेवून गेला. तीर्थदाजूने खालच्या मजल्यावर दुकान थाटलं आणि चिना म्हणजे जन्मपत्रिका, साइत म्हणजे मुहूर्त, आणि जंको यांच्या तारखा छापून द्यायला लागला. हर्षमानबा मरेपर्यंत प्रत्येक चिठ्ठी धूळपाटीवर पडताळून बघत. चूक एकदाही निघाली नाही, आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं.

जंको म्हणजे आमच्यात माणूस देव होतो. सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस, सात घटका, सात पळं जगलं की म्हाताऱ्याला नाहीतर म्हातारीला नटवून रथात बसवायचं, मुलानातवंडांनी तो ओढायचा, आणि त्यानंतर सगळ्यांनी पाया पडायचं. दिवस चुकला तर सगळंच वाया. म्हणून तारखेला एवढं महत्त्व, आणि म्हणून तीर्थदाजूची एवढी मिजास. एका ठेकेदाराच्या वडिलांचा जंको बुधवारी येत होता. ठेकेदार म्हणाला, शनिवारी सुट्टी असते, मोठे लोक यायचेत, तेवढं सरकवा. तीर्थदाजू म्हणाला, "तुझा बाप बुधवारी देव होतोय. शनिवारपर्यंत थांबायला सूर्य काय तुझ्याकडे मजुरीला आहे?" ठेकेदाराने टोलभर त्याची बदनामी केली. वर्षभर दुकानात कुत्रं फिरकलं नाही. हा मात्र रिकाम्या दुकानात बसून जुन्या पात्रोंवर लाल पेन चालवत होता.

माझ्या आईला, चिरीमायाला, देव व्हायचं होतं. सत्तरीपासून तिने दुसरा विषय काढला नाही. भक्ती वगैरे काही नव्हतं. "एकदा देव झाले की तुम्ही कुणी मला उलट बोलायचं नाही," एवढाच तिचा हिशेब. आमच्या आत्याशी तिचं तीस वर्षं वाकडं होतं. आत्या पायावर डोकं ठेवताना तिला बघायची होती. पण शेवटच्या वर्षी तिच्या छातीत पाणी भरायला लागलं. डॉक्टर काढायचे, पुन्हा भरायचं. मंसिरात, म्हणजे मार्गशीर्षात, तर नाकाला नळी लागली आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं उभं राहिलं. रथापर्यंत तिचा श्वास पुरतो का, घरात सगळ्यांच्या मनात हा एकच प्रश्न होता. मी तिच्यासमोर हसायचे आणि स्वैपाकघरात जाऊन रडायचे.

नेमकं त्याच महिन्यात तीर्थदाजूचं यंत्र मेलं. वीस वर्षं त्याने लोडशेडिंगचे धक्के खाल्ले, तेव्हा काही झालं नाही. लोडशेडिंग संपलं, दिवसभर वीज मिळायला लागली, ती त्याला सोसली नाही. तीर्थदाजूने कुणाकडून तरी दुसरा जुना कॉम्प्युटर आणला, गणपतीशेजारी लाल फडक्यात बांधून ठेवलेली सीडी काढली, त्यातलं जुनं पर्ल आणि आपला प्रोग्राम त्यावर चढवला. आईची जन्मतारीख घेऊन मी गेले तेव्हा तो पडद्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता.

"मॉड्यूल सापडत नाही म्हणतो."

"म्हणजे?"

"महिन्याचे दिवस कुठल्या साली किती, ते मी वेगळ्या फायलीत लिहिलं होतं. वेगळ्या जागी ठेवलं होतं. सीडीवर घ्यायचं राहिलं."

"मग?"

"मग हा सांगतोय की मी अकरा ठिकाणी शोधलं. ही बघ अकरा नावं. अकरा ठिकाणी! माझी सायकल चोरीला गेली तेव्हा पोलिसांनी खुर्चीखालीसुद्धा बघितलं नव्हतं."

इंग्रजी तारखांचं सोपं असतं. आमच्या महिन्यांना नियम नाही. कधी एकोणतीस दिवस, कधी बत्तीस, दरवर्षी वेगळे. ते कोष्टकातच बघावे लागतात, आणि त्याचं कोष्टक यंत्राबरोबर गेलं होतं. चार दिवस तो इंटरनेटवर शोधत होता. अमेरिकेत राहणाऱ्या कुणा नेपाळी मुलाने तसलं एक मॉड्यूल लिहून सगळ्यांसाठी ठेवलेलं सापडलं. ते उतरवून घेतलं तर ते म्हणे, मला नवं पर्ल लागतं. नवं पर्ल घातलं तर याचा जुना प्रोग्राम चालेना. मग त्याच मॉड्यूलची जुनी आवृत्ती शोधली. तिला आणखी तीन मॉड्यूलं हवी होती आणि त्या तिघांना प्रत्येकी दोन.

"एकाला जेवायला बोलावलं आणि भाऊबंदांची अख्खी गुठी आली पंगतीला," तीर्थदाजू म्हणाला.

पाचव्या दिवशी ते सुरू झालं. त्याने ऐटीत आईची तारीख भरली. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, असार बत्तीस. यंत्राने उत्तर दिलं, असं साल नाही. कोष्टक दोन हजार सालापासून सुरू होत होतं. त्या पोराच्या मते त्याआधी नेपाळात कुणी जन्मलंच नव्हतं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती नळीतून श्वास घेत घेत म्हणाली, "मी जन्मले नाही? मग तुला काय तीर्थच्या यंत्राने काढलं?"

तीर्थदाजूने माळ्यावरची टोपली उतरवली. तिच्यात हर्षमानबांची जुनी पात्रो होती, कसरीने अर्धी खाल्लेली. मी दुकानात बसून आकडे वाचले आणि त्याने ते फायलीत भरले. नव्वद सालापासून नव्याण्णवपर्यंत. अठ्ठ्याण्णवची ओळ मला अजून पाठ आहे. एकतीस, एकतीस, बत्तीस, बत्तीस, एकतीस, तीस, तीस, एकोणतीस, तीस, एकोणतीस, तीस, तीस. असार तिसरा महिना, त्याचे बत्तीस. महिन्याचा तो शेवटचा दिवस, आईच्या जन्माचा, खरा होता.

पुन्हा तारीख भरली. यंत्र म्हणालं, असा दिवस नाही. आता मात्र तीर्थदाजूचं डोकं फिरलं. आत बघितलं तर त्या पोराने लिहून ठेवलं होतं, दिवस एकतीसपेक्षा मोठा आला तर नाकारा.

"तिकडे राहून राहून विसरला, बेटा," तो म्हणाला. "आईबापांनी पात्रो पाठवायला नको? खायला नुसता च्युरा आणि गुंद्रुक पाठवत बसतात."

ती ओळ त्याने खोडली. मग एकदाची चिठ्ठी छापून आली. फागुन सात गते, म्हणजे सात तारीख, सकाळी अमुक वाजून तमुक मिनिटं. त्याने शिक्का मारला, मी ती घरी आणली. आईने चष्मा मागितला आणि चिठ्ठी बराच वेळ धरून ठेवली.

"सात?" ती म्हणाली.

"सगळंच सात. छान ना?"

"बरं. सात तर सात."

मला वाटलं, खूश झाली. मी लगेच सिडनीला सरोजला, माझ्या भावाला, फोन केला. त्याने पाच गतेला पोचायचं तिकीट काढलं. रथ सांगितला, पुरोहितांना, गुभाजूंना, सांगितलं, आचाऱ्याला सांगितलं. आत्याला बोलावणं करायला मी स्वतः गेले, कारण आईने तसं बजावलं होतं.

माघ पंचवीसच्या दुपारी तीर्थदाजू आमच्याकडे आला. न बोलावता. हे त्याच्या स्वभावात नाही, म्हणून मला आश्चर्य वाटलं. आईची अवस्था त्या दिवशी फार वाईट होती. दोन शब्द बोलली की थांबायची, तोंड उघडून हवा ओढायची. ओठ निळे पडले होते. तो खाटेजवळ उभा राहिला आणि त्या नळकांड्याच्या काट्याकडे बघत राहिला. एक हात खिशात होता.

"काय रे तीर्थ," आई म्हणाली. थांबली. "तारीख पक्की ना?"

त्याने काट्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारून बघितली.

"अरे, विचारतेय. पक्की ना?"

"पक्की, काकी. पळाचा फरक नाही."

"मग बस. अंडं खा."

मी शकुनाचं अंडं आणि थोडी अइला, घरची तांदळाची दारू, आणून दिली; शुभकार्याला आमच्यात हेच देतात. अंडं त्याने दोन घासांत संपवलं, अइला तशीच ठेवली आणि गेला. भिंतीवरचं पात्रो उतरवायचं मी गडबडीत विसरले होते. त्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस म्हातारा झाला, एवढंच माझ्या मनात आलं.

फागुन सातला आई देव झाली. लाल साडी, सोन्याचा शिरपेच, नाकातली नळी तशीच आणि नळकांडं रथात तिच्या पायाशी. सरोजने दोर धरला, मी मागून ढकलत होते. देवाला मागून ढकलायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं. त्याला मी काय सुनावलं ते इथे सांगत नाही. तीर्थदाजू घड्याळ धरून कोपऱ्यात उभा. सात पळं झाली तसं त्याने बोट वर केलं.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"झालं, काकी."

आईने ओंजळीतलं पहिलं फूल त्याला दिलं, सरोजला नाही. सरोजचं तोंड एवढंसं झालं. मग रांग लागली. आत्या आली, लांबूनच हात जोडायला लागली. आई म्हणाली, "नीट वाक. गुडघे दुखतात म्हणे! गेल्या महिन्यात जात्रेत नाचत होतीस ते बघितलंय मी." आत्या वाकली. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख दिसलं ते माझ्या लग्नात नव्हतं, सरोजच्या जन्माच्या वेळीही नसावं.

नऊ गतेला सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. मी तिला भाताची पेज भरवत होते. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तोंड उघडलं नाही. लोक म्हणाले, भाग्यवान, देव होऊन गेली. मीही तेच म्हणत होते. रडत होते आणि म्हणत होते.

तेरावा झाल्यावर मी तिची पितळेची डबी उघडली. बाबांनीच घडवलेली. आत तिचा चिना, एक तुटकी नथ आणि एक चतकोर कागद. त्यावर हर्षमानबांचं अक्षर, ते मी कुठेही ओळखीन. वर तारीख आई साठीची झाली त्या वर्षाची. खाली लिहिलं होतं: चिरीमाया, जंको, फागुन दहा गते.

दहा! तो दिवस उजाडला तेव्हा आईला जाऊन एक दिवस झाला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद घेऊन तशीच रस्ता ओलांडला. दुकानात तीर्थदाजू एकटाच होता.

"हे काय आहे?"

त्याने चष्मा लावला. बापाचं अक्षर बघून कागद दोन्ही हातांत धरला.

"कुठे होतं?"

"आईच्या डबीत. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तुझं यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही. त्या पोराचं मॉड्यूल. असार बत्तीसच्या पुढे सात महिने मोजले की माघ बत्तीस येतो. माघाला दिवस एकोणतीस. ते मॉड्यूल काय करतं, एकोणतीसला थांबतं आणि उरलेले तीन दिवस फेकून देतं. तिथून सात दिवस, फागुन सात."

"आणि बरोबर काय?"

"ते तीन दिवस पुढे फागुनात न्यायचे. तीन आणि सात, दहा. बा म्हणायचे, जगलेला दिवस कापायचा नाही. महिना आखूड असला तर तो महिन्याचा दोष, माणसाचा नाही. माझ्या जुन्या फायलीत तसंच होतं. बांनी शिव्या देऊन देऊन लिहून घेतलं होतं."

"कधी कळलं तुला?"

"जुन्या चिठ्ठ्या नव्याने काढून पडताळत होतो. बुंगमती गावच्या एका म्हाताऱ्याची तीन दिवसांनी चुकली. तो पण बत्तीस तारखेलाच जन्मलेला. माघ पंचवीसला."

माघ पंचवीस. मी विचारलं, "म्हणजे आमच्याकडे आलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"दहाची चिठ्ठी खिशात होती. तीच द्यायला आलो होतो."

"मग दिली का नाहीस? ठेकेदाराला सूर्य दाखवलास! माझी पत्रिका परत पाठवलीस! आणि माझ्या आईचे तीन दिवस कापलेस?"

त्याने तो कागद नीट सरळ करून समोर ठेवला. नंतर हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, तिच्याकडे ते तीन दिवस नाहीत."

मी स्टुलावर बसले. तीन दिवस नव्हतेच तिच्याकडे. दोनच होते.

"आणि तिला दहाची चिठ्ठी दिली असती," तो म्हणाला, "तर तिने दहापर्यंत वाट बघितली असती. तू ओळखतेस तिला. सातला रथात बसलीच नसती."

"तीर्थदाजू, हा कागद तिच्या डबीत होता. सतरा वर्षं. तिला दहा माहीतच होतं."

त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण तिने मला विचारलं, पक्की ना म्हणून."

"हो."

"दोनदा विचारलं."

"आणि तू पक्की म्हणालास. मग तिने तुला अंडं खायला घातलं."

तो एकदम हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शर्टाच्या बाहीने पुसत म्हणाला, "बनेल बाई." मी म्हणाले, जपून बोल, देव आहे आता ती.

मग मी विचारलं, "ते मॉड्यूल दुरुस्त केलंस का? का अजून लोकांचे दिवस कापतोयस?"

"केलं. फागुन दहालाच केलं." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. आकडे वाचून वाचून मला आता ती फाईल थोडीफार कळत होती. उरलेले दिवस पुढच्या महिन्यात नेणारा भाग त्याने नव्याने लिहिला होता. पण त्याच्या वरती आणखी एक ओळ होती. जन्म अठ्ठ्याण्णव सालचा, महिना तिसरा, दिवस बत्तिसावा असेल, तर पुढचं काही मोजू नये, सरळ फागुन सात सांगावं. शेजारी त्याने नेपाळीत टीप लिहिली होती: चिरीमाया काकी. हात लावू नये.

"ही ओळ आता कधी चालणार?" मी विचारलं. "त्या दिवशी जन्मलेल्या सगळ्यांचे जंको होऊन गेले."

"कधीच नाही."

"मग ठेवलीस कशाला?"

"उद्या मी मेलो आणि कुणी तपासायला बसलं, तर काकीचा जंको चुकलेला निघायला नको."

मी हर्षमानबांचा कागद त्याच्याकडेच ठेवला. उठताना त्याला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. तो आला, चहाच्या आधी लाल पेन काढलं आणि कामाला लागला. पात्रो मी मुद्दामच भिंतीवर ठेवलं होतं.